मीटरमधला उजेड

वाईहून पुण्याला येत होतो. रात्रीचे दहा वाजून गेलेले, सुरूर फाट्याला हायवेला लागलो, गाडी जरा लयीत आली आणि शेजारी बसलेल्या भाच्याने सहज विचारलं, "मावशी, स्पीड किती आहे आपला?" मी म्हणलं, "असेल पंचावन्न-साठ." तो जरा वेळ गप्प आणि मग, "असेल म्हणजे?" त्याच्या विचारण्यात खोच वगैरे काही नव्हती, त्याला खरंच कळत नव्हतं की गाडी चालवणाऱ्या माणसाला स्पीड माहीत नाही म्हणजे काय. त्याने वाकून मीटरकडे बघितलं आणि विचारलं, "हे बंद आहे का?" म्हणलं बंद नाहीये रे, लागलेत दिवे, जरा मंद आहेत. मग त्याने मोबाईल काढून जीपीएसवर बघितलं, त्या स्क्रीनच्या पांढऱ्या उजेडाने अख्खी गाडी आतून उजळली आणि मला समोरचा रस्ता दिसेनासा झाला, आणि तो म्हणाला, "अडुसष्ट." पुढे वेळ्याच्या वर बोगदा लागला. बोगद्यात वरून दिव्यांचा उजेड पडतो, त्यात आमचा मीटर एकदम लख्ख दिसायला लागला, काटा, आकडे, काचेवरची धूळसुद्धा. बाहेर पडलो की परत काळोख. "बघ, बोगद्यात दिसतंय," एवढंच म्हणून तो झोपला, शिरवळ, खेड शिवापूर सगळं झोपेत. मी मात्र कात्रजपर्यंत त्या काळ्या चौकोनाकडे बघत आले.

गाडी म्हणजे अप्पांची, माझ्या वडिलांची, प्रीमियर पद्मिनी. 1983 ची. बुकिंग करून किती वर्षं वाट बघितली हा आमच्या घरातला कीर्तनाचा विषय आहे, तो इथे लावत नाही, पण त्याच वर्षी डिसेंबरात मारुती आली आणि अप्पांची गाडी नवी कोरी असतानाच जुनी झाली हे त्यांना अजून खुपतं. ते आता चालवत नाहीत, ऐंशी ओलांडली, पण गाडीचे मालक तेच आहेत, मी फक्त ड्रायव्हर. आणि खरं सांगायचं तर मीटर दिसत नाही हे मला कधी जाणवलंच नव्हतं कारण अप्पांनी मला गाडी शिकवली तीच कानाने. "मीटर काय बघतेस, गाडी काय म्हणतीये ते ऐक." स्टेअरिंगजवळचा तो दांडा तिसऱ्यात टाकला की इंजिन एक सूर धरतं, तो सूर जरा चिरका व्हायला लागला की चौथा टाकायचा, चौथ्यात साठच्या वर गेलं की डावीकडच्या दाराची काच बारीक वाजते, सत्तरला डॅशबोर्डातून अजून काहीतरी त्यात सामील होतं. हे इतकं अंगात मुरलंय की मीटर हा माझ्यासाठी देवघरातल्या फोटोंसारखा झाला होता, रोज समोर असतो, बघतं कोण. पण मग अडुसष्टला मी पंचावन्न-साठ कसं म्हणलं? काच वाजत होती, मला ऐकू आली नव्हती. म्हणजे कानाचंही तेच.

घरी आल्यावर मी ताईला फोन लावला, नाशिकला, भाच्याच्या आईला. तुला आठवतं का गं आपल्या गाडीच्या मीटरचा उजेड कसा होता? ती पटकन म्हणाली, "हिरवा." मलाही हिरवाच आठवत होता. आम्ही दोघी मागच्या सीटवर, मध्ये उशी, रात्रीचा जुना एनएच चार, दोनच लेनचा, समोरून येणारे ट्रक, त्यांच्या पाठीवर यूज डिपर ॲट नाइट, आणि अप्पांचा कडक नियम की आतला दिवा लावायचा नाही, म्हणजे नाहीच, पाण्याची बाटली शोधायची तरी चाचपडत शोधायची. आतला दिवा लावला की बाहेरचं दिसत नाही म्हणायचे. त्यामुळे गाडीत उजेड एकच, अप्पांच्या हातांच्या पलीकडे, स्टेअरिंगच्या चकतीतून दिसणारा तो मीटर. त्याच्या उजेडात आईच्या बांगड्या दिसायच्या. खंबाटकी चढताना तो उजेड जरा थरथरायचा आणि मला वाटायचं गाडी दमली. सीटचं रेक्झीन, पेट्रोलचा वास, आईने आणलेल्या संत्र्याच्या सालींचा वास, आणि तो हिरवा उजेड.

अप्पांना विचारलं तर म्हणाले, "हिरवा? कसला हिरवा? पिवळा होता. बल्ब जसा असतो तसा."

असो. पहिला उपाय अप्पांनी खुर्चीत बसल्या बसल्या सांगितला, बल्ब बदल. नाना पेठेत गेले, तिथल्या एका दुकानात जुना बल्ब काउंटरवर ठेवला, त्याने डब्यातून तसलेच काढून दिले, बारा व्होल्टचे, तीन वॉटचे, करंगळीच्या पेरापेक्षा लहान. घरी येऊन जुना आणि नवा बल्ब शेजारी शेजारी ठेवले तेव्हा फरक कळला. जुन्याची काच आतून काळपट झालेली, धुरकट, कंदिलाची काच होते तशी. आत धूर बिर काही नसतो अर्थात. तार तापून पांढरी होते तेव्हा तिच्यातलं टंगस्टन कणाकणाने उडत राहतं आणि काचेवर आतून बसतं, तार बारीक होत जाते, काच काळी होत जाते, आणि बल्ब मात्र जात नाही. गेला असता तर बदलला असता. हे मंदावत जाणाऱ्या गोष्टींचं फार वाईट असतं, त्या तक्रारीला जागाच देत नाहीत. रोज कालच्याएवढंच दिसतं.

नवे बल्ब लावले आणि रात्री खाली पार्किंगमध्ये जाऊन दिवे लावून बघितले. फरक होता. म्हणजे मी स्वतःला सांगितलं की फरक आहे. वॉचमन काकांना बोलावून दाखवलं तर ते नम्रपणे म्हणाले, "हा, आहे ना लाईट."

मग मिस्त्री. आमच्या भागात एक जुने ऑटो इलेक्ट्रिशियन आहेत, सगळे त्यांना मामाच म्हणतात, फियाट-ॲम्बेसिडरवर आयुष्य गेलं आणि आता बहुतेक वेळ रिक्षाचे हॉर्न दुरुस्त करतात. ते रविवारी आले, गाडीभोवती एक चक्कर मारली, बोनेटवर हात ठेवला (हे सगळे जुने मिस्त्री करतात, वैद्य नाडी बघतो तसं) आणि मग बॅटरीची तार सोडून डॅशबोर्डखाली असे काही आडवे झाले की नुसते पाय बाहेर. मीटर बाहेर काढणं हा काही अवघड प्रकार नाही पण तो हातांनी आंधळेपणाने करायचा प्रकार आहे. मागून स्पीडोमीटरची केबल येते, गिअरबॉक्सपासून थेट, तिचा गोल खरबरीत नट बोटांनीच फिरवून सोडवावा लागतो, पकड घालायला जागा नसते, आणि तो नट चाळीस वर्षांचा. मामा आतून काहीतरी पुटपुटत होते, बहुतेक कुर्ल्याच्या कारखान्यात ज्याने तो बसवला त्याच्याबद्दल. मग एकदम मीटर निघून त्यांच्या छातीवर आला आणि त्याबरोबर कुजका-गोडसर असा एक वास, जुन्या वायरीचा, रबराचा, आणि मूठभर माती. आणि एक चॉकलेटचा कागद. तो आमच्यापैकी कुणाचा यावर नंतर नाशिकला अर्धा तास फोन झाला.

बॅटरी परत जोडली, मीटर वायरींवर लोंबकळत ठेवला, दिवे लावले. मामांनी त्यांचा व्होल्टमीटर काढला. बॅटरीवर साडेबारा. बल्बच्या होल्डरवर दहाच्या आसपास. "बगा ताई, इथं अडीच व्होल्ट चोरी व्हतीय." मला वाटलं बारातले दोन-अडीच गेले तर उजेड पाचवा हिस्सा कमी व्हायचा, पण तसं नसतं. तारेच्या बल्बचं गणित फार निर्दयी आहे, व्होल्टेज थोडं उतरलं की उजेड धडाधड उतरतो, साधारण साडेतीन घाताच्या हिशोबाने. बाराऐवजी दहा मिळाले की उजेड जवळपास निम्मा. आणि रंगही बदलतो, पांढरट-पिवळ्याचा तांबूस होत जातो, निखाऱ्याकडे झुकतो. त्यात काळपट काच, त्यात धूळ, म्हणजे निम्म्याचा निम्मा. मी इतकी वर्षं त्याला मंद म्हणत होते.

चोरी कुठे होते हे मामांनी ज्या पद्धतीने शोधलं ते बघायला मजा आली. या जुन्या मीटरमध्ये बल्बला एकच वायर येते. परतीचा करंट होल्डरच्या पत्र्यातून मीटरच्या डब्यात, डब्यातून स्क्रूत, स्क्रूतून गाडीच्या बॉडीत, आणि बॉडीतून बॅटरीच्या निगेटिव्हला जातो. म्हणजे सगळा रस्ता पत्र्याच्या पत्र्याला टेकण्यावर. टेकलेल्या जागी गंज आला, रंग आला, धूळ आली की अर्थिंग गेली. मामांनी व्होल्टमीटरचं एक टोक डब्याला आणि एक थेट बॅटरीच्या निगेटिव्हला लावलं. तिथे काहीच दिसायला नको, शून्याच्या जवळ. दिसलं सव्वा. मग त्यांनी खिशातून दोन्हीकडे चिमटे लावलेली एक साधी वायर काढली, एक चिमटा मीटरच्या डब्याला, दुसरा दाराच्या बिजागरीच्या बोल्टला, आणि मीटर उजळला. हळूहळू नाही, एकदम. डोळे उघडल्यासारखा. चिमटा काढला की मंद, लावला की लख्ख, काढला, लावला. मामांनी हे तीनचार वेळा केलं, गरज नसताना, नुसतं मला दाखवायला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे हसू होतं ते रिक्षाच्या हॉर्नवर काम करताना नसतं.

बाकीचं उरलेलं व्होल्ट फ्यूजपाशी सापडलं. फ्यूज शाबूत, पण तो ज्या पितळी पट्ट्यांत बसतो त्यांच्यावर गंज चढलेला, छान पोपटी. ताईला मेसेज केला, हिरवं सापडलं.

मग कामाची वाटणी झाली. डब्यापासून बॉडीपर्यंत एक वेगळी काळी वायर टाकायची, तिला डाग द्यायचा, ते मामांनी घेतलं. पट्ट्या, होल्डर घासणं माझ्याकडे. मी घरी जेवणाच्या टेबलावर पेपर पसरून बसले, बारीक पॉलिश पेपर घेऊन, जोरात घासायचं नाही कारण पितळावरचा मुलामा जातो आणि मग गंज दुप्पट वेगाने येतो हे अप्पांनी आतल्या खोलीतून तीनदा सांगितलं. एक होल्डर मात्र हातातच मोडला, त्याची जीभ, म्हणजे बल्बच्या बुडाला टेकते ती पट्टी, तुटून पडली. तसला होल्डर नवीन मिळत नाही. जुना बाजार बघावा लागणार होता.

मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. मी बुधवार धरला, गर्दी कमी म्हणून. तिथे जाऊन वस्तू मागायची नसते, बघत फिरायचं असतं, मागितली की किंमत वाढते. नळाच्या तोट्या, कॅमेरे, एका पायाचे बूट, आणि मग एका ताडपत्रीवर गाड्यांचे मीटर, पालथे, उताणे, काचा फुटलेले. त्यात एक आमचाच. म्हणजे पद्मिनीचा. उचलला तर काचेच्या कोपऱ्यात साईबाबांचा छोटा स्टिकर, उन्हाने फिकट झालेला. "टॅक्सीचा हाय," विकणारा म्हणाला, "मुंबईची टॅक्सी." असेलही. 30 ऑक्टोबर 2023 पासून मुंबईत पद्मिनी टॅक्सी चालणं बंद झालं, शेवटची 2003 मध्ये रजिस्टर झालेली, तिची वीस वर्षं भरली, त्या आठवड्यात सगळ्यांनी फोटो टाकले, कविता केल्या, मीही कुणाच्या तरी कवितेला बदाम दिला होता. त्या कवितांमध्ये गाड्या मोडीत गेल्यावर पुढे काय होतं हे कुणी लिहिलं नव्हतं. कुर्ल्याला बनल्या, त्यातल्या कितीतरी कुर्ल्यालाच सीएसटी रोडच्या दुकानांत सुट्या झाल्या असतील, दारं एकीकडे, इंजिन एकीकडे, आणि मीटर फिरत फिरत इथे ताडपत्रीवर. किलोमीटरचा आकडा चौदा हजार आणि काही. पाच आकड्यांचं यंत्र ते, नव्याण्णव हजार नऊशे नव्याण्णवनंतर परत शून्य. टॅक्सीच्या आयुष्यात ते किती वेळा फिरून आलं असेल ते त्या साईबाबांना माहीत.

मला फक्त होल्डर हवा होता. तो म्हणाला सुटा देत नाही, घ्यायचा तर पूर्ण मीटर. मी म्हणलं काच फुटलीये, काटा वाकलाय. तो म्हणाला म्हणून तर स्वस्तात देतोय. शेवटी घेतला पूर्ण. होल्डर काढून घेतला आणि उरलेला मीटर फेकवेना, स्टिकरमुळे असेल, तो माझ्या शिलाईच्या कपाटात आहे आणि घरातल्यांनी त्याबद्दल बोलणं सोडून दिलंय.

मामांचा मधल्या काळात एक वेगळाच आग्रह चालू होता. "ताई, कशाला एवढं घासाघाशी, एलईडी टाकतो, मीटर असा चकाचक व्हतो बगा." सोप्पं आहे हे खरंय. एलईडी करंट कमी खातो, तापत नाही, अर्थिंग जरा कच्ची असली तरी चालवून घेतो, उलटा लागला तर पेटत नाही एवढंच, फिरवून बसवायचा. त्यांनी एक लावूनही दाखवला. निळसर पांढरा उजेड एकाच जागी ठिपक्यासारखा पडला, 40 चा आकडा झगझगीत आणि 100 अंधारात, कारण तारेचा बल्ब चहूकडे सांडतो आणि हा एलईडी पुढेच फेकतो. शिवाय तो रंग. फ्रिज उघडल्यासारखा. मी नको म्हणलं, आणि मग जास्त वॉटचा बल्ब टाकू का असं त्यांनीच विचारून त्यांनीच नको म्हणलं, कारण तीनच्या जागी पाच वॉट घातले की आत उष्णता साठते, मीटरची तबकडी पिवळी पडते, प्लास्टिक वाकतं. आणि चार्जिंगच्या लाल दिव्याला तर एलईडी अजिबात लावायचा नाही हे मला त्यांच्याकडून नवीन कळलं. ज्या गाड्यांत आल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणारं यंत्र, आहे तिथे बऱ्याचदा त्या लाल बल्बमधून जाणारा थोडासा करंटच आल्टरनेटरला जागं करतो. एलईडीतून तेवढा करंट जात नाही, मग गाडी चालू होते आणि चार्जिंग सुरूच होत नाही. चाळीस वर्षं मी त्या लाल दिव्याला नुसती खूण समजत होते, तो कामाला होता.

राहिला डबा. मीटरचा डबा आतून पांढरा रंगवलेला असतो, बल्बचा उजेड आकड्यांच्या मागे नीट पसरावा म्हणून. आमचा चहाच्या कपाच्या बुडासारखा तपकिरी झाला होता. त्याला पांढरा हात दिला, दोन कोट, चमकणारा नाही, मॅट. आणि तो रंग वाळत असताना मी आतला कोपरान् कोपरा बघितला, हिरवी काच, हिरवी कागदपट्टी, हिरव्या रंगाचा एखादा ओरखडा, काही म्हणजे काही नाही. काही गाड्यांच्या मीटरमध्ये रंगीत पट्ट्या असतात, मला माहितीये. मामांना विचारलं, ते म्हणाले मी तरी तुमच्या गाडीत कधी बगितली नाय, आणि त्यांनी ही गाडी पहिल्यापासून बघितलीये. अप्पा जिंकले. पिवळाच होता.

मग आमच्या दोघींच्या डोक्यातला हिरवा आला कुठून? हे मला मीटरपेक्षा जास्त छळायला लागलं. ताईचं म्हणणं होतं की दोघींना आठवतं म्हणजे असणारच. एक दिवस कुकरच्या शिट्ट्या मोजताना मला रेडिओ आठवला. वाईच्या घरातला मोठा व्हॉल्व्हचा रेडिओ, लाकडी, त्याला मधोमध तो हिरवा डोळा होता, मॅजिक आय म्हणतात तो, स्टेशन नीट लागलं की हिरव्या पाकळ्या जवळ यायच्या. पुण्याहून वाईला पोचायचो ते रात्री, अर्धवट झोपेत उचलून आत आणायचे, आणि आजोबांचा रेडिओ चालू असायचा, दिवे घालवलेले, खोलीत तो एकच हिरवा उजेड. गाडीतला अंधार आणि ती खोली यांच्यामध्ये आम्ही झोपलेलो असायचो. ताईला सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "तरीपण मला बांगड्या हिरव्या दिसतात गं." आईच्या बांगड्या हिरव्याच असायच्या, त्याचं काय करायचं.

सगळं बसवून रात्री गाडी बाहेर काढली. वारज्याच्या पुलावरून हायवेला, भाचा शेजारी, मुद्दाम नेला. आकडे दिसत होते, काटा दिसत होता, मऊ पिवळा उजेड, कडेला जरा कमी पण वाचता येईल असा. भाचा म्हणाला, "मस्त दिसतंय." मी म्हणलं हो. आणि मग समोरून एक नवी एसयूव्ही आली, तिचे ते पांढरेशुभ्र एलईडी हेडलाइट, ती गेल्यावर मी मीटरकडे बघितलं तर परत काळा चौकोन. काही सेकंद काहीच नाही, मग हळूहळू आकडे वर आले. त्याला मात्र सलग दिसत होतं. मी दोनदा विचारलं, आत्ता दिसतंय? आत्ता? तो म्हणाला हो मावशी, साठ.

चष्म्याचा नंबर तपासायला गेले तेव्हा डॉक्टरीणबाईंना हे सांगितलं, त्या हसल्या नाहीत. वय वाढलं की डोळ्यातलं भिंग पिवळसर होतं, बाहुली अंधारात पूर्वीएवढी मोठी होत नाही, साठीच्या डोळ्यात आत पोचणारा उजेड विशीच्या डोळ्याच्या साधारण एक तृतीयांश. प्रखर उजेडानंतर सावरायलाही जास्त वेळ लागतो. वर माझा चष्मा प्रोग्रेसिव्ह, वरून लांबचं, खालून वाचायचं, आणि मीटर असतो बरोबर त्यांच्या मधल्या अंतरावर, ना पुस्तक ना रस्ता. म्हणजे गाडीतला उजेड बल्बने खाल्ला, गंजाने खाल्ला, तपकिरी डब्याने खाल्ला, आणि जो शिल्लक राहिला त्यातला बराचसा मी खात होते. या शेवटच्याला पॉलिश पेपर नाही.

पण सगळं डोळ्यांवर ढकलायलाही मन घेत नाही. तेव्हाची रात्र खरंच काळी होती. अप्पांच्या गाडीच्या हेडलाइटवर मधोमध काळा टिपका रंगवलेला असायचा, बऱ्याच गाड्यांच्या असायचा, समोरच्याचे डोळे दिपू नयेत म्हणून. ट्रकवाले डिपर द्यायचे. शिरवळला टपऱ्यांच्या पेट्रोमॅक्स, बाकी दोन्ही बाजूंना शेतं आणि काहीच नाही. डोळ्याला अंधाराची सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात, आणि तेव्हा ती वीस-तीस मिनिटं सलग मिळायची. आता कात्रजपासून सातारपर्यंत होर्डिंग, फूडमॉल, टोलनाके, आणि गाडीतल्या गाडीत मोबाईल. त्या तीन वॉटच्या बल्बला जेवढ्या अंधारासमोर उभं राहायचं होतं तो अंधारच राहिला नाही. मी तबकडी कितीही लख्ख केली तरी ती आईच्या बांगड्या दाखवेल असं नाही, आणि भाच्याला बांगड्या बघायच्याही नाहीत, त्याला आकडा हवा होता, तो मिळाला. त्याचं बरोबरच होतं. अडुसष्टने चालणाऱ्या गाडीत मागे बसलेल्या मुलांना उजेड आवडतो, पुढे बसलेल्याला स्पीड माहीत असावा लागतो.

अप्पांना खाली आणून ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं. दिवे लावले. मला वाटलं खूश होतील. त्यांनी डोळे बारीक करून बघितलं, काच अंगठ्याने पुसली आणि म्हणाले, "एवढा कशाला केलास? रस्ता कसा दिसणार?" म्हणजे यांना तो दिसला, लख्ख दिसला, ऐंशीच्या डोळ्यांनी. डॉक्टरीणबाईंचं गणित इथे मला लागलं नाही. मग त्यांनी बोट ठेवलं. "आणि हा काटा का हलत नाहीये?"

पेट्रोलचा काटा. पाऊण टाकीवर. मी म्हणलं पाऊण टाकी असेल. ते म्हणाले वाईहून आल्यावर भरलंस? नाही. म्हणजे वाईच्या आधीपासून पाऊण. उजेड नव्हता तोवर हा काटा कुठे आहे हे रात्री मला दिसत नव्हतं आणि दिवसा मी बघत नव्हते, मी आपली दर थोड्या दिवसांनी पाचशेचं टाकून घ्यायची. अप्पांचा त्या काट्यावर पहिल्यापासून विश्वास नव्हता, त्यांची एक डायरी असायची, भरलेलं पेट्रोल आणि किलोमीटर लिहायची, ती मी चालवायला लागल्यापासून बंद पडली हे त्यांनी या निमित्ताने सगळ्या सोसायटीला ऐकू जाईल असं सांगितलं. मामांना फोन केला. ते म्हणाले टाकीत पेट्रोलवर तरंगणारा फ्लोट अडकला असणार, टाकी उतरवून बघतो, शनिवारी घेऊन या. "पण ताई, भरल्या टाकीची आणू नका हां, उतरवायला लय जड जाती. संपत आलं की मग आणा."

संपत आलं हे मला कळणार कसं, असं विचारेपर्यंत त्यांनी फोन ठेवला होता.